पायऱ्या दाखव

माझी मुलाखत याआधी एकदा झालेली आहे. तालुक्यातल्या एका साप्ताहिकानं दिवाळी अंकासाठी घेतली होती, ग्रामीण भागातली वैद्यकीय सेवा असा काहीतरी विषय होता. सेवा, संस्कार, आईवडिलांची पुण्याई, सगळे शब्द ओळीनं येत गेले. मी कुठं अडखळलो नाही आणि फोटोही बरा आला. त्यामुळं मास्तरनं प्रश्नांचा कागद हातात दिला तेव्हा मी म्हणालो, रविवारी संध्याकाळी बसू, तासाभरात उरकून टाकू.

"बसायचं नाही," तो म्हणाला. "लिहून द्यायचं. तोंडी तू माझ्याशी पण पेशंटशी बोलल्यासारखा बोलतूस."

मास्तर माझा वर्गमित्र. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. मी गावातला, तो गावाच्या खालच्या अंगाला जी वस्ती आहे तिथला. त्याच्या वडिलांनी १९५६ नंतर घरातले देव काढून टाकले आणि पोराला शाळेत घातलं. पुढं मी अंबाजोगाईला मेडिकलला गेलो, तो त्याच गावात बीएस्सीला आला. मी तालुक्याच्या ठिकाणी दवाखाना टाकला, तो हायस्कुलात गणित शिकवून निवृत्त झाला. दोनेक वर्षांपूर्वी त्याची बायपास झाली. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं ठरवलं की ज्या चार-पाच माणसांबरोबर आयुष्य गेलं त्यांना कधी विचारलं नाही ते आता विचारायचं आणि दोनशेपानी वहीत उतरवून ठेवायचं. कुणासाठी, तर नातीसाठी. नात पुण्याला इंजिनिअरिंगला आहे. मला हे कारण तेव्हाही पटलं नव्हतं. नातीसाठी माणूस गोष्टी लिहितो, उलटतपासणी घेत नाही.

कागदाच्या दोन्ही बाजूंना त्याच्या फळ्यावरच्या अक्षरात प्रश्न होते. नीती कुणाकडून शिकलास? (आईकडून असं लिहू नये.) पैसे मिळत असताना कशाला नाही म्हणालास आणि कशाला हो? तुझी माणसं कोण? ७८ साली तू कुठं होतास? आता या वयात काय सलतं? मधे देव मानतोस का, मुलानं अमेरिकेतच राहावं असं तुला खरंच वाटतं का, असेही होते. ते इथं घेत नाही. देवाचं उत्तर एका ओळीचं होतं, आणि मुलाचं उत्तर त्याच्या आईनं वाचलं तर घरात वांधे होतील.

प्रिस्क्रिप्शन सोडून मराठीत सलग काही लिहिल्याला मला जमाना झाला होता. तरी रात्री दवाखाना बंद करून बसलो आणि चांगली चार पानं लिहिली. आठवड्याभरात ती परत आली. समासात लाल पेनानं जागोजाग लिहिलेलं: कुठं? कोण? किती रुपये? साल? 'मी नेहमीच गोरगरिबांच्या बाजूनं उभा राहिलो' या माझ्या वाक्याखाली दोन रेघा आणि 'एक गरीब सांग'. शेवटी, हायस्कुलातल्या पोरांना लिहायचा तोच शेरा: 'उत्तर आलं, पायऱ्या नाहीत. गुण ०.'

मला राग आला. मी साठी ओलांडलेला माणूस, गावात लोक वाकून नमस्कार करतात, आणि हा मला पास-नापास करणार. काही दिवस मी कागद ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला. मास्तर फोनवर पावसाचं, सोयाबीनच्या भावाचं बोलायचा, कागदाचा विषय काढायचा नाही. विषय काढला असता तर मी सोडून दिलं असतं.

शेवटी मी दुष्काळ लिहिला.

१९७२ साली आम्ही सातवीत होतो. शाळा नावाला चालू होती, सगळं गाव पोरंसोरं धरून दुष्काळी कामावर खडी फोडायला. फोडलेल्या खडीचे ढीग लावायचे, कारकून येऊन माप घ्यायचा आणि त्या मापावर मजुरी पडायची. दुपारी खायला सुकडी मिळायची. तिचा गोडसर वास मी आजही डोळे मिटून ओळखीन. आमच्या आळीतल्या एका म्हातारीचा दिवसभर बसूनही मापाचा ढीग व्हायचा नाही. ती खाली मोठे धोंडे ठेवायची आणि वरून खडी पसरायची. कारकून ढिगात काठी खुपसायचा, काठी धोंड्यावर टक्कन वाजायची, तो म्हातारीकडं एकदा बघायचा आणि वहीत पूर्ण माप लिहायचा. मी लिहिलं, नीती मी त्या कारकुनाकडून शिकलो. नियम पाठ असावा, पण समोरचं माणूसही दिसावं. पुढं कुणाची फी घ्यायची, कुणाची सोडायची, कुणाला आजारपणाचा दाखला द्यायचा, हे ठरवताना मला ती काठी ऐकू यायची. यातलं अक्षरही खोटं नव्हतं. लिहिताना मला जरा भरूनही आलं होतं.

मास्तरनं समासात लिहिलं: 'तुमच्या आळीचे ढीग. आमच्या वस्तीचे तो फोडून बघायचा.'

कामावर पाण्याचे रांजण दोन होते हे मला आठवत होतं, कारण ते रोज दिसायचे, त्यांच्यापुढं रांगा वेगळ्या लागायच्या. ढीग फोडून बघतात हे मात्र आठवेना. आम्ही पन्नास पावलांवर बसायचो. दिसलंच नसेल, की दिसलं आणि डोक्यात राहिलं नाही? मी फोन केला.

"म्हणजे माझं उत्तर खोटं का?"

"खोटं कुठं म्हणलो? तू त्याच्याकडून शिकलास ते बरोबरच हाय. मी पण त्याच्याकडूनच शिकलो."

"तू काय शिकलास?"

"प्रश्न मी विचारायलोय," म्हणाला आणि ठेवून दिला.

त्या दिवशी मला या सगळ्या प्रकारातली अडचण कळली. साप्ताहिकवाल्या पोराला मी जे सांगेन ते खरं, कारण त्या काळात तो जन्मलाही नव्हता. मास्तर मात्र बऱ्याच ठिकाणी हजर होता, आणि जिथं मी उभा होतो तिथून तो थोडा बाजूला किंवा थोडा खाली उभा होता. तेव्हापासून उत्तर लिहून झालं की मी आधी विचार करायला लागलो, हा प्रसंग घडला तेव्हा मास्तर कुठं होता. काही उत्तरं तेवढ्यावरच फाडून टाकली.

पैशाच्या प्रश्नाला मी तयारीत होतो. कट म्हणजे काय हे आमच्याकडं रिक्षावाल्यालाही ठाऊक आहे. पेशंट तपासणीला किंवा मोठ्या दवाखान्यात पाठवला की महिनाअखेरीला लिफाफा येतो. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीत हे सरळ निषिद्ध आहे. लिफाफा घेऊन येणाऱ्या पोराला त्याचं काय? मी लिफाफे परत पाठवले. परिणाम एवढाच झाला की माझ्या चिठ्ठीवर गेलेल्या पेशंटला दुपारपर्यंत बाकड्यावर बसावं लागे, आणि पुढं पुढं तेच म्हणायला लागले, डॉक्टर, चिठ्ठी देऊ नका, आम्ही आमचे जातो. याच्यावर फार कुणी लिहीत नाही, म्हणून मी सविस्तर लिहिलं. सचोटीचा भुर्दंड पेशंटनं भरला. मास्तरनं यावर 'ठीक' असं लिहिलं, आणि त्याचा 'ठीक' म्हणजे दहापैकी सात.

सोनोग्राफीचंही लिहिलं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, १९८८ साली. देशाचा कायदा १९९४ चा. आणि २०११ च्या जनगणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या. राज्याचा आकडा ८९४ होता, तोही काही मिरवण्यासारखा नाही. प्रत्येक सेंटरवर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी होती, आणि पेढा म्हणजे मुलगा, बर्फी म्हणजे मुलगी हे गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही माहीत होतं. माझ्याकडं मशीन नव्हतं. माझ्याकडं लोक यायचे ते 'कुठं होतं ते सांगा' म्हणून. मी सांगितलं नाही. त्यापायी दोन-तीन घरं कायमची तुटली, त्यातलं एक माझ्या सख्ख्या आत्याचं.

आणि हो कशाला म्हणालो? सलाईनला. आमच्याकडचा माणूस चार दिवस रानात राबून थकला की येऊन सांगतो, बाटली लावा. त्याला बाटलीची गरज नसते, लिंबू-साखर-मिठाचं पाणी आणि एक दिवस झोप पुरते. मी तसं सांगायचो, तो उठून समोरच्या दवाखान्यात जाऊन लावून घ्यायचा. मग मीही लावायला लागलो. त्यात जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं, आणि पिवळ्या बाटलीचे जास्त पैसे द्यायला लोक खुशीनं तयार असतात. माझ्या घराचा वरचा मजला बराचसा पिवळ्या बाटलीचा आहे.

त्यावर मास्तर: 'हे सांगायला तुला मजा येते म्हणून सांगितलंस.'

खरं होतं. हा किस्सा मी लग्नाच्या पंगतीत सांगत आलो आहे.

याच उत्तराच्या शेवटी मी सहज एक वाक्य टाकलं होतं: 'गर्भपिशवी काढण्यासाठी मी कधीही कुणाला चिठ्ठी दिली नाही.' मास्तरनं त्या वाक्याभोवती गोल केला, त्यातून बाण काढला, तो पानाच्या कडेनं खाली नेला आणि शेवटच्या प्रश्नाच्या कोऱ्या जागेत सोडला. शेवटचा प्रश्न म्हणजे काय सलतं. बाकी एक शब्द लिहिला नाही. त्या बाणाकडं मी बरेच दिवस बघत होतो. आधी ७८ चं सांगतो, कारण आधी तेच लिहिलं.

२७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. खेड्यापाड्यांत दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली. कॉलेजं बंद, एसट्या बंद. नाव प्रत्यक्षात लागलं ते १४ जानेवारी १९९४ ला, तेही आधीच्या नावाला जोडून. हे सगळं पुस्तकात आहे. मास्तरचा प्रश्न पुस्तकातला नव्हता.

मी काय केलं ते मला चांगलं आठवत होतं आणि त्याची मला लाज नव्हती, उलट थोडा अभिमानच होता. मास्तर अंबाजोगाईत एका खोलीवर भाड्यानं राहायचा. घरमालकानं त्याला सांगितलं, थोडे दिवस कुठंतरी जा बाबा. गावाकडं जायची सोय नव्हती आणि गावाकडं काय चाललंय तेही कळत नव्हतं. अंधार पडल्यावर तो माझ्या हॉस्टेलवर आला. मी त्याला खोलीत ठेवून घेतलं. माझी गादी त्याला दिली, मी सतरंजीवर झोपलो. मेसमध्ये कुणीतरी विचारलं, हा कोण? मी माझं आडनाव सांगितलं आणि म्हणालो, चुलतभाऊ आहे, एसटी बंद म्हणून अडकलाय. कुणी पुढं काही विचारलं नाही. वातावरण निवळेपर्यंत तो माझा चुलतभाऊ म्हणून जेवला.

मी हे लिहिलं आणि खाली लिहिलं, या बाबतीत मला काही सलत नाही, आजही मी हेच करीन.

या वेळी वही पोस्टानं किंवा नातवंडाच्या हातून आली नाही. मास्तर स्वतः आला. दवाखान्यात पेशंट होते, तो बाकड्यावर नंबर लावून बसला, कंपाउंडरनं आत बोलावलं तरी आला नाही. शेवटचा पेशंट गेल्यावर आत येऊन खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मेसमधी पहिल्या दिवशी भाजी काय होती?"

मला आठवेना.

"दोडक्याची. दोडका मला आवडत नाही, तरी मी दोनदा घेतली. कारण पुन्हा वाढायला आलेल्या पोरानं मला तुझ्या आडनावानं हाक मारली, आणि ओ दिली नसती तर तू अडचणीत आला असतास."

"मग मी काय करायला पाहिजे होतं?"

"तेच. दुसरं काही केलं असतंस तर दोघं मार खाल्ला असता." थोडं थांबून म्हणाला, "तू भाऊ म्हणलास ते बरं वाटलं होतं. माझ्या आडनावाचा भाऊ तिथं चालला नसता ते पण कळलं होतं. दोन्ही एकाच जेवणात. तुझ्या उत्तरात पहिलंच आलंय."

मी म्हणालो, दुसरं मला कसं कळणार, तू कधी बोलला नाहीस.

"म्हणून तर प्रश्न काढलेत," तो म्हणाला.

हे लिहून ठेवतो की मला अजूनही वाटतं, त्या रात्री दुसरा मार्ग नव्हता. मास्तरलाही तसंच वाटतं. आमच्यात वाद नाही. पण सत्तेचाळीस वर्षं मी त्या प्रसंगात एकटाच होतो आणि त्यातला दुसरा माणूस चुलतभावाच्या वेषात बसला होता, हे मला त्या दिवशी खुर्चीत बसल्या बसल्या दिसलं. 'तुझी माणसं कोण' या प्रश्नाला मी आधी लांबलचक यादी दिली होती: गाव, पेशंट, हॉस्टेलची मुलं, रात्री दोन वाजता ज्यांच्यासाठी उठलो ती घरं. मास्तर गेल्यावर ती यादी मी खोडली. नवी अजून केलेली नाही. ती जागा वहीत मोकळीच आहे आणि त्यावर त्यानं शेरा मारलेला नाही.

आता बाण.

आमचा तालुका ऊसतोडीचा. दसऱ्याच्या पुढंमागं टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. गावात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं उरतात, उन्हाळा लागला की टोळ्या परत येतात. त्यामुळं माझा दवाखानाही दसऱ्याच्या आधी आणि पाडव्याच्या पुढं भरतो. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फेडेपर्यंत सुटका नाही, आणि एक दिवस खाडा पडला की दंड कापला जातो. बाई पहाटे अंधारात फडात जाते, दिवसभर तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरते, रात्री कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, येऊन भाकरी थापते. पाणी लांब, आडोसा नाही. पाळीच्या चार दिवसांत काय करायचं? अंगावर जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं तर कुणाला दाखवायचं? लग्न कोवळ्या वयात, विशी-बाविशीत दोन-तीन लेकरं होऊन कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. मग कुणीतरी सुचवतं, पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल. कुणी डॉक्टर सांगतो, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल.

२०१९ मध्ये हे पेपरात आलं, विधिमंडळात गाजलं, सरकारनं समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर जणींची पिशवी काढलेली निघाली. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय हे ऑपरेशन करायचं नाही असा नियम आला. तेव्हा मुंबईहून पत्रकार माझ्याकडंही आले होते. मी त्यांना खाडा, उचल, कोपी सगळं समजावून सांगितलं. बातमीतला शहाणा डॉक्टर मी होतो.

मास्तरच्या बाणाखाली मी एका बाईचं लिहिलं. तिचं नाव, गाव लिहिलं नाही. तिशीच्या आतबाहेरची. माझ्याकडं येऊन म्हणाली, डॉक्टर, चिठ्ठी द्या, पिशवी काढायचीय, दसऱ्याच्या आत व्हायला पाहिजे. मी तपासलं. जंतुसंसर्ग होता, गोळ्यांनी बरा होण्यासारखा. तिला नीट समजावलं, गोळ्या दिल्या, चिठ्ठी दिली नाही. ती मान हलवून गेली. पुढच्या पाडव्यानंतर आली ती कंबर धरून. अंगातून वाफा निघतात, झोप नाही, मोळी उचलत नाही. दुसरीकडं जाऊन काढून घेतली होती. पैसे मुकादमानं दिले होते, उचलीत धरून. म्हणजे जो खाडा टाळण्यासाठी पिशवी काढली, त्या पिशवीच्या खर्चापायी आणखी हंगाम बांधले गेले. मी कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या.

एवढं लिहून मी पाठवलं आणि मला वाटलं, झाल्या पायऱ्या. मास्तरनं एकच प्रश्न लिहिला: 'मुकादम कोण होता?'

मुकादम माझा पेशंट होता. दर महिन्याला माझ्यापुढं खुर्चीत बसायचा, बाही वर करायचा, मी त्याचं बीपी बघायचो. मीठ कमी कर, तंबाखू सोड, हे मी त्याला वर्षानुवर्षं सांगत आलो. पाळीच्या दिवसांचा खाडा बायकांना लावू नकोस, हे एकदाही सांगितलं नाही. भीती होती म्हणावं तर तेही नाही. तो भला माणूस होता, टोळीतलं कुणीही पडलं-कापलं तरी माझ्याकडंच आणायचा, आणि बिल तोच द्यायचा. तेवढंच कारण. चिठ्ठी नाकारायला मला काही लागलं नव्हतं. त्याला हे सांगायला एक चांगलं गिऱ्हाईक लागलं असतं.

हे मी तसंच लिहून दिलं. मास्तरचा फोन आला.

"सांगितलं असतंस तर त्यानं ऐकलं असतं?"

"नाही. त्याच्यावर कारखान्याची उचल. तो तरी काय करणार?"

"मग? बाईची पिशवी वाचली असती?"

"नाही."

"मग ही खंत नव्हं डॉक्टर, ऐट हाय. आपण बोललो असतो तर जग हललं असतं असं वाटणं."

तो मला डॉक्टर म्हणतो तेव्हा चिडलेला असतो. मी म्हणालो, जग हललं असतं असं मी कुठं लिहिलंय? मी लिहिलंय की दर महिन्याला तो समोर बसायचा आणि मी मिठावर बोलायचो. हललं असतं की नसतं हा हिशेब तुझा, गणिताचा. यावर आमचं बरंच वाजलं. मास्तरचं म्हणणं, तेवढं रडायचंच असेल तर कारखाना, मुकादमी आणि पाऊस या तिन्हींवर रड, एकट्या स्वतःवर रडणं म्हणजे सगळं आपल्याभोवती फिरवणं. माझं म्हणणं, कारखान्यावर रडायला मला कुणी प्रश्न विचारलेला नव्हता. अजून मिटलेलं नाही. वहीत त्यानं माझं उत्तर आहे तसं ठेवलंय आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'परीक्षकाचं मत वेगळं आहे.'

बाकीच्या मित्रांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. एकानं कागद वाचून तसाच परत दिला. एकजण अजून 'नीती कुणाकडून'वरच आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या एकानं टाइप करून, मुद्दे पाडून, छापील अहवालासारखं पाठवलंय. मास्तर म्हणतो त्याला दोन गुण द्यावे लागतील, टापटिपीचे.

वही पूर्ण होत आल्यावर मी म्हणालो, आता मागच्या पानावर मी एक प्रश्न विचारणार आणि तू लिहून द्यायचं. प्रश्न हा: तुझी बायपास झाली तेव्हा मला का कळवलं नाहीस? लातूरला दवाखान्यात दाखल झालास, ऑपरेशन होऊन गेलं, आणि मला तिसऱ्या माणसाकडून समजलं. डॉक्टर मित्र असून. ही गोष्ट मला लागली होती, पण ऑपरेशन झालेल्या माणसाशी कोण भांडणार, म्हणून राहून गेली होती.

त्यानं बरेच दिवस घेतले. पावसाचं बोलला, सोयाबीनचं बोलला. मीही विषय काढला नाही, ते मी त्याच्याकडूनच शिकलोय. मग वही आली. मागच्या पानावर, निळ्या शाईत:

'कळवायला पाहिजे होतं. पण तू आला असतास तर तिथले डॉक्टर तुला बघून उठून उभे राहिले असते. तू म्हणला असतास, आपलाच माणूस आहे, जरा बघा. त्यांनी नीट बघितलं असतं. आणि मी परत तुझा चुलतभाऊ झालो असतो. मला एकदा माझ्या नावावर बरं व्हायचं होतं.'

खाली पायऱ्या होत्या. दाखल झालेली तारीख, भरलेले पैसे, मुलानं कुणाकडून किती उसने घेतले, रात्री कुठल्या नर्सनं पाणी दिलं, सगळं.

पुढच्या महिन्यात त्याची टू-डी इको करायची आहे, लातूरलाच. या वेळी बरोबर ये म्हणालाय. केसपेपरच्या खिडकीवर मात्र मी उभं राहायचं नाही, तिथं नाव तो स्वतः सांगणार आहे.